गाणी एकत्र, प्रार्थना एकत्र, मग प्रभुभोजनाला येऊन सगळे का थांबतो? (वेगवेगळ्या चर्चमधल्या तरुणांच्या एकीबद्दल)

नगरचा_पुण्यात

सगळ्यांना सलाम. लांब लिहितोय पण विषयच तसा आहे.

आमचा वाकड-हिंजवडी साईडला एक ग्रुप आहे, सगळे नोकरीवाले, विशी-तिशीतले. शुक्रवारी रात्री कोणाच्या तरी फ्लॅटवर जमतो, गाणी, वचन, प्रार्थना आणि मग जेवण. मी नगरचा, सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). वसईचे दोघं कॅथलिक आहेत, एक मेथडिस्ट, एकीचं सगळं घराणं मुक्तिफौजेतलं (साल्व्हेशन आर्मी), एक मार्थोमावाला (केरळातलं जुनं चर्च) आहे तो पिंपरीतच वाढला आणि मराठी आमच्याहून चांगलं बोलतो, बाकीचे असेंब्लीचे नाहीतर स्वतंत्र चर्चचे. सुरुवातीला कोण कुठल्या चर्चचं हे कोणी विचारलंच नाही कारण ओळखी ऑफिसातून, पीजीतून, इन्स्टावरून झाल्या. लॉकडाऊनमध्ये तर सगळेच सगळ्यांच्या उपासना मोबाईलवर बघत होते, सकाळी आपली, दुपारी कोणाची तरी मिस्सा (कॅथलिक उपासना), रात्री यूट्यूबवर वर्शिप. आमच्या आईवडलांना दुसऱ्या चर्चच्या दारातून आत जायला एखादं लग्न नाहीतर मयत लागायची, आम्हाला एक लिंक पुरते.

आता प्रश्न. यंदा पवित्र आठवड्यातल्या (ईस्टरच्या आधीच्या) गुरुवारी सगळ्यांनी मिळून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला, घेऊ असं एकाने ग्रुपवर टाकलं. वसईच्या मुलीने सरळ लिहिलं, मला नाही घेता येणार. मुक्तिफौजवाली म्हणाली आमच्यात प्रभुभोजन नसतंच आणि बाप्तिस्मा पण नसतो, मी नुसती बसेन. मेथडिस्टवाल्याने विचारलं देणार कोण, पाळक आहे का कोणी. आणि मग एकाने लिहिलं की हे सगळं माणसांनी केलेलं आहे, येशूने कुठे डिनॉमिनेशन काढली, ब्रेड आणि ज्यूस आणू आणि घेऊन टाकू.

ते "घेऊन टाकू" मला पटलं नाही आणि का पटलं नाही ते इथे मांडतोय.

एका बाजूने तो बरोबर बोलतोय. आपण कुठल्या चर्चचे हे बहुतेक वेळा पणजोबा कुठल्या तालुक्यात राहत होते त्यावर ठरलंय. अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत आलं, १८३१ पासून नगरला. कोल्हापूर, मिरज, रत्नागिरीकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन, नाशिककडे सीएमएस म्हणजे अँग्लिकन, जालना आणि नागपूरला स्कॉटिश, खानदेशात स्कॅन्डिनेव्हियन, वऱ्हाडात अलायन्सवाले. प्रोटेस्टंट मिशनांनी साधारण ठरवून घेतलं होतं की एकमेकांच्या इलाख्यात काम करायचं नाही. म्हणजे माझा पणजोबा नेवाशाऐवजी निफाडला असता तर मी अँग्लिकन घरात जन्मलो असतो आणि राहुरीकडच्या काही गावांत असता तर जेझुइट फादरांमुळे कॅथलिक झालो असतो. त्याने काही कॅल्विन आणि ल्यूथर वाचून निवड केली नव्हती.

पण दुसरी बाजू अशी की त्यानंतर तीन-चार पिढ्या त्या त्या पद्धतीने देवापुढे उभ्या राहिल्या, रडल्या, मेल्या, पोरांना शिकवलं. माझी आजी प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री ज्याच्याशी भांडण असेल त्याच्या घरी जाऊन मिटवून यायची, मगच दुसऱ्या दिवशी पुढे जायची. ते मी बघितलंय. त्यामुळे बाराजणांना सोयीचं म्हणून ते उरकून घेणं मला जमणार नाही. आमची पिढी मोकळी आहे याचा मला मनापासून आनंद आहे, पण समोरच्याला जे पवित्र आहे ते समजून न घेताच एक झालो म्हणायचं असेल तर ती एकी एखाद्या वीकेंडपुरती टिकेल.

तर काय करावं? ज्यांनी हे आधी अनुभवलंय त्यांनी लिहा.

जुना_सेक्रेटरी

बाळा, सलाम. मी नागपूरचा, वय झालंय म्हणून थोडं सावकाश टाईप करतो.

२९ नोव्हेंबर १९७० ला इथे नागपुरात सीएनआय झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया (यात तुमची नगरची काँग्रिगेशनल मंडळी १९२४ लाच प्रेसबिटेरियनांबरोबर आलेली), बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट आणि डिसायपल्स. बोलणी कधी सुरू झाली माहितीये का, १९२९ साली. म्हणजे एकेचाळीस वर्षं. ज्यांनी सुरुवात केली त्यातले बरेच जण तो दिवस बघायला राहिलेच नव्हते. दक्षिणेत सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) २७ सप्टेंबर १९४७ ला होऊन गेलं, आमचं रखडत राहिलं.

कशावरून रखडलं ते तुमच्या ग्रुपला सांग, कारण तेच प्रश्न तुमच्या फ्लॅटमध्ये आलेत. बिशप पाहिजे का नको. पाळकाला दीक्षा कोणी दिली तर ती खरी. आणि सगळ्यात अवघड, बाप्तिस्मा. अँग्लिकन बाळांना देणार, बॅप्टिस्ट आणि ब्रदरन म्हणणार की स्वतः विश्वास कबूल केल्याशिवाय कसला बाप्तिस्मा. शेवटी दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये मान्य केल्या. बाळाला द्यायचा असेल तर द्या आणि मोठेपणी दृढीकरण (स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) करा, मोठेपणीच द्यायचा असेल तर बाळाचं समर्पण करा आणि थांबा. मला अजूनही वाटतं ही फार मोठी गोष्ट झाली, कारण दोन्ही बाजूंनी आपलं मत सोडलं नाही आणि तरी एका छताखाली आले.

आणि दुःख पण सांगतो. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट, संख्येने मोठे, सगळी वर्षं चर्चेत होते आणि अगदी शेवटी त्यांनी नाही म्हटलं. त्यांचं पुढे १९८१ ला मेथडिस्ट चर्च इन इंडिया झालं. माझा जिवलग मित्र तिकडचा होता, आम्ही दोघांनी मिळून एकीच्या सभांच्या खुर्च्या लावल्या होत्या. त्यानंतर आम्ही आपापल्या चर्चला गेलो. मैत्री राहिली, पण त्या दिवशी तो मागे उभा होता ते माझ्या मनातून जात नाही.

तुझ्या मेथडिस्ट मित्राने "देणार कोण" विचारलं ना, तो प्रश्न बारीकसारीक समजू नकोस. एकेचाळीस वर्षांपैकी बरीच वर्षं त्याच प्रश्नात गेली.

वसईची_लेक

नगरचा दादा, तुमच्या ग्रुपमधली ती मुलगी मी नाही पण मी असते तर हेच लिहिलं असतं, म्हणून तिच्या बाजूने लिहिते.

आम्ही नाही म्हणतो तेव्हा समोरच्याला वाटतं की हे स्वतःला जास्त पवित्र समजतात. तसं नाहीये. प्रभुभोजनाला आम्ही ख्रिस्तप्रसाद म्हणतो, आमच्यासाठी तो घेणं म्हणजे येशूला स्वीकारणंच, आणि त्याबरोबर त्या वेदीभोवतीच्या सगळ्या चर्चशी, बिशपांशी, पोपशी मी एक आहे असं जाहीर म्हणणं. ते "एक" अजून झालेलंच नाही तर मी हाताने घेऊन झालंय असं कसं दाखवू? मनात असून घेत नाही, हे कोणी समजून घेतलं तर बरं वाटतं.

पण म्हणून कॅथलिक चर्च तिथेच थांबलंय असंही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याचा डिक्री (अधिकृत आदेश) काढला आणि इतर मंडळ्यांतल्या लोकांना भाऊबहिणी म्हटलं. माझे आजोबा सांगायचे त्यांच्या लहानपणी प्रोटेस्टंटांच्या उपासनेला गेलं तर कन्फेशनला जाऊन सांगावं लागे. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होती, आणि तिकडे नगरला लोक केव्हापासून अभंग आणि कीर्तनात येशूला आळवत होते. आज आमच्या वसईच्या गायनमंडळात ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं गातात आणि कोणाला ती परकी वाटत नाहीत.

माझ्या भावाचं लग्न सीएनआयच्या मुलीशी झालं. आधी वाटलं केवढी भानगड होईल. पण तिचा बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला, त्यामुळे परत बाप्तिस्मा घ्यायचा प्रश्नच आला नाही, फक्त दाखला आणावा लागला. मिश्र विवाहासाठी बिशप हाऊसची परवानगी लागते ती मिळाली. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवायचा मी होईल तेवढा प्रयत्न करीन असं भावाने वचन दिलं, आणि ते वहिनीला आधीच सांगितलं होतं, लपवलं नाही. तिचे पाळकसाहेब आले, त्यांनी वचन वाचलं आणि आशीर्वाद दिला.

आता रविवारी ती आमच्याबरोबर मिस्साला येते आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी बाकावर बसून राहते. आई दर वेळी अस्वस्थ होते. मी आईला म्हणते, हे दुखणं खरंय, ते लपवायला नको. जानेवारीत १८ ते २५ ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो, आधी मी तो नुसता पाळायचे, आता वहिनीमुळे कशासाठी प्रार्थना करायची ते कळतं.

विश्वासी_४२१

प्रेज द लॉर्ड. मी पेंटेकॉस्टल, आणि इथे आमचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

एकीच्या गप्पा होतात तेव्हा मेनलाइनवाले (सीएनआय, मेथडिस्ट अशी जुनी प्रोटेस्टंट चर्च) आणि कॅथलिक एकमेकांना भाऊ म्हणतात आणि आमच्याकडे वळून मेंढरं चोरणारे, म्हणजे दुसऱ्यांची माणसं पळवणारे म्हणतात. माझे वडील दारूत बुडाले होते. त्या वेळी कोण घरी आलं? एका पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या चर्चचा पास्टर रोज संध्याकाळी आला, महिनोन्‌महिने. ज्या मोठ्या चर्चच्या रजिस्टरमध्ये आमचं नाव होतं तिथून कोणी आलं नाही. मी त्या चर्चवर राग धरलेला नाही, पण माझ्या बापाने चाळिशीत नदीत उतरून बाप्तिस्मा घेतला त्याला कोणी "दुसऱ्यांदा" म्हटलं की मला लागतं. त्याच्यासाठी तो पहिलाच होता.

आणि ज्याने "घेऊन टाकू" लिहिलं तो बहुतेक आमच्यातलाच असणार. त्याला हलकं करायचं नसेल हो. आमच्याकडे घरोघरी भाकर मोडतात, प्रेषितांची कृत्ये दुसऱ्या अध्यायात आहे तसं. त्याला वाटलं असेल की प्रेमाने जमलोय तर अडवायचं कशाला.

दौंड_लोकल

वरच्या भाऊंच्या पोस्टला धरूनच सांगतो, पेंटेकॉस्टल म्हणजे बाहेरून आलेलं काहीतरी असं आपल्याकडे समजतात पण केडगाव बघा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्ये झाला. पण तिथल्या सिस्टरांशी त्यांची पत्रापत्री वाचली तर कळतं, बाईंनी कुठल्याच एका पंथाच्या चौकटीत स्वतःला बसू दिलं नाही. हिंदू धर्मातले पंथ सोडून आले आणि इथेही इतके पंथ, हे त्यांना फार खटकलं होतं. मग केडगावला मुक्ती मिशन उभं केलं ते कुठल्याच डिनॉमिनेशनचं नव्हतं, मदतीला सगळीकडचे लोक.

तिथे १९०५ ला मुलींमध्ये जागृती झाली, रात्र-रात्र प्रार्थना. वेल्समधल्या जागृतीची बातमी ऐकून बाईंनी आधीच प्रार्थनेचे गट सुरू केले होते. मिनी अब्राम्स म्हणून मेथडिस्ट मिशनरी होत्या त्यांच्याबरोबर, त्यांनी त्यावर छोटं पुस्तक लिहिलं आणि ते चिलीमध्ये एका मेथडिस्ट मिशनरी जोडप्याला पाठवलं, आणि १९०९ ला तिकडे जी चळवळ झाली त्यातून चिलीची पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. दौंडजवळचं केडगाव, अँग्लिकन बाप्तिस्म्याची मराठी बाई, अमेरिकन मेथडिस्ट मदतनीस आणि दक्षिण अमेरिकेतलं पेंटेकॉस्टल चर्च. कनेक्टेड जनरेशन म्हणतात ना, ती इंटरनेटच्या आधीही होती, पत्रांवर चालायची.

निब_आणि_शाई

सगळं छान चाललंय पण एक गोष्ट कोणी बोलत नाहीये ती मी बोलते.

जात. आपण मिशनच्या नकाशाबद्दल बोलतो पण सोयरीक जुळवताना घरात काय विचारतात ते आठवा. कुठल्या चर्चचे हा प्रश्न दुसरा असतो. पहिला हळू आवाजात विचारतात, "पूर्वीचे कोण?" नगर, जालना, सोलापूर, मराठवाड्याच्या गावांतून जी मंडळी ख्रिस्ताकडे आली ती बहुतेक महार आणि मांग वस्त्यांतून आली, आणि दोन्हीकडचे लोक एका चर्चला असून वेगळे बसतात, कमिटीच्या निवडणुकीत वेगळी पॅनेल करतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट लग्नाला परवानगी मिळते, पण एकाच चर्चमधल्या या दोन घरांतलं लग्न मोडलेलं मला माहितीये, पाळकांनी समजावूनसुद्धा.

आणि सरकारच्या दारात आपण सगळे सारखेच आहोत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीत धरत नाहीत, मग तो सीएनआय असो, कॅथलिक असो नाहीतर पेंटेकॉस्टल. त्या मागणीसाठी कॅथलिक बिशप आणि प्रोटेस्टंट मंडळ्या वर्षानुवर्षं एकत्र उभ्या राहिल्यात, मोर्चे काढलेत. तिथे ईश्वरविज्ञान आडवं आलं नाही. तुमच्या फ्लॅटमध्ये जमणाऱ्या मुलांना माझा प्रश्न आहे, तुमच्यात हे मोकळेपणाने बोलता येतं का? का शहरात आलो म्हणजे संपलं असं समजून चाललंय? कारण उद्या तुमच्या ग्रुपमधल्या दोघांनी लग्न ठरवलं की हे बाहेर येणार आहे.

नगरचा_पुण्यात

ताई, खरं सांगतो, हे आमच्यात आजवर बोललं गेलेलं नाही. गाणी आणि प्रार्थनेच्या आड ते राहून गेलं. या शुक्रवारी मी विषय काढणार आहे.

विश्वासीभाऊ, तुमच्या वडलांचं वाचून ग्रुपमधल्या त्या मित्राला मी मेसेज केला. तुम्ही म्हणता तसंच निघालं, त्याच्याकडे दर आठवड्याला घरात भाकर मोडतात आणि त्यातच तो वाढलाय.

सातारी_वाचक

मी ख्रिस्ती नाही, पण साताऱ्याचा आहे आणि आमच्याकडे नारायण वामन टिळकांचं नाव आदराने घेतात म्हणून विचारतो. त्यांनी शेवटी शेवटी मिशन सोडून "देवाचा दरबार" काढला होता ना? त्यात बाप्तिस्मा न घेतलेले पण चालायचे असं ऐकलंय. मग तुमच्या या चर्चेत ते कुठे बसतं?

जुना_सेक्रेटरी

बरोबर ऐकलंय. टिळक १९१७ ला मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त एकत्र. त्यांना परदेशी संघटनेचा साचा नको होता, आपल्या मातीतली, भजन-कीर्तनातली ख्रिस्तभक्ती हवी होती. मे १९१९ ला ते गेले आणि दरबार फार पुढे जाऊ शकला नाही. मंडळीतल्या बऱ्याच जणांना तेव्हा तो झेपला नाही. माझं स्वतःचं मत, बाप्तिस्म्याशिवाय मंडळी उभी राहत नाही. पण तुमच्यासारखा माणूस आज इथे येऊन आपुलकीने प्रश्न विचारतोय त्यामागे टिळकांचे अभंग आहेत हे मी कसं नाकारू.

दरबार, फेलोशिप, तुमचा शुक्रवारचा ग्रुप, याबद्दल एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. आमच्या पिढीने एकी केली आणि नंतरची कित्येक वर्षं कोर्टात घालवली. जमिनी, शाळा, ट्रस्ट कोणाच्या नावावर. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या केसमध्ये २०१३ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नुसता ठराव करून जुन्या ट्रस्टची मालमत्ता आपोआप सीएनआयची होत नाही, कायद्याची रीत पाळावी लागते. म्हणजे मनं जुळली आणि कागद तसेच राहिले. तुमच्याकडे सुदैवाने मालमत्ता नाही. होऊ पण देऊ नका. ग्रुपचं चर्च करू नका, नाहीतर एकी करायला निघालेल्यांचंच अजून एक डिनॉमिनेशन होतं, हे जगभर झालंय. रविवारी प्रत्येकाने आपापल्या मंडळीत जावं, शुक्रवारी एकत्र यावं.

मेलबर्नहून

काकांचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. इथे मराठी ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे ख्रिसमसला कॅथलिक, सीएनआय, पेंटेकॉस्टल सगळे एकाच हॉलमध्ये, दुसरा पर्यायच नाही. हॉल युनायटिंग चर्चचा असतो, तेही इकडे १९७७ ला मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल एकत्र येऊन झालेलं. पण आमची मुलं मोठी झाल्यावर कुठल्याच चर्चच्या रजिस्टरवर नाहीत. सगळीकडे पाहुणे. आजारी पडलं तर कोणता पाळक येणार हे त्यांना माहीत नाही. पुण्यातल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

महिला_मंडळ_सोलापूर

सगळं वाचलं. पोरांनो, तुम्ही म्हणताय की आईवडलांच्या पिढीला हे जमलं नाही. पुरुषांना जमलं नसेल.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. दर वर्षी एका देशातल्या बायका उपासनेचा क्रम लिहितात आणि तो भाषांतर होऊन जगभर त्याच दिवशी वापरतात. माझी सासू जायची, मी जाते, सून जाते. एका वर्षी एका चर्चमध्ये, पुढच्या वर्षी दुसऱ्या. मेथडिस्ट, सीएनआय, मुक्तिफौज, आणि कॅथलिक सिस्टर पण येतात. दूरच्या कुठल्या देशातल्या बायकांचं दुखणं ऐकायचं, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, वर्गणी गोळा करायची, मग चहा. त्यात प्रभुभोजन ठेवलेलं नसतं, म्हणून कोणाला मागे बसावं लागत नाही. एवढी वर्षं हे चाललंय आणि त्याच्यावर कोणी लेख लिहिला नाही.

आणि ओळख झाली की बाकीचं होतं. आमच्या गल्लीत एक मुक्तिफौजवाली वारली तेव्हा तिला धुवायला आणि नेसवायला कॅथलिक बाई सगळ्यात आधी आली, कारण त्या दोघी प्रार्थना दिनाच्या कमिटीत होत्या. नगरच्या मुला, तुमच्याकडचं बूथ हॉस्पिटल मुक्तिफौजेचंच ना, करोनात तिथे किती लोकांची सेवा झाली. ज्यांच्याकडे प्रभुभोजन नाही त्यांना तुम्ही गुरुवारी नुसतं बसवून ठेवणार का, ते पण विचारात घ्या.

डहाणूकर_वाडी

मावशींच्या शेवटच्या वाक्यावरून सुचलं. आमचं घराणं ब्रदरन. अमेरिकेतून चर्च ऑफ द ब्रदरनचे लोक १८९० च्या दशकात बलसाडला आले, तिथून डहाणू, पालघरकडे. १९७० ला आम्ही सीएनआयमध्ये गेलो. आमच्यात जुनी रीत म्हणजे प्रीतिभोजन. संध्याकाळी आधी एकमेकांचे पाय धुवायचे, मग सगळ्यांनी बसून साधं जेवण, आणि मग भाकर आणि प्याला. योहान १३ मध्ये जसं आहे तसं. माझ्या आजोबांनी ज्याच्याशी शेताच्या बांधावरून वाद होता त्याचे पाय धुतले होते, ते गावात अजून सांगतात.

माझं म्हणणं, तुम्ही पहिले दोन भाग घ्या आणि तिसरा सोडा. पाय धुणं कॅथलिकांकडे त्या गुरुवारी असतंच. मुक्तिफौजेला अडचण नाही, त्यांच्याकडे सेवा हीच सगळी शिकवण. पेंटेकॉस्टलांना वचनात आहे म्हणून चालेल. पाळक लागत नाही, दीक्षा कोणाची खरी हा प्रश्नच येत नाही. निब आणि शाई ताईंच्या प्रश्नाला पण हे भिडतं, कारण कोणाच्या पायाला कोण हात लावतो यावरच तर आपल्या गावांत सगळं ठरत आलंय.

वसईची_लेक

फार छान! फक्त गुरुवारी नको, आम्हाला संध्याकाळची मिस्सा असते आणि ती कोणी सोडणार नाही. बुधवारी ठेवा.

विश्वासी_४२१

मला हे पटतंय, पण एक शंका राहते. तिसरा भाग कायमचाच सोडणार का? योहान १७ मध्ये येशूने "ते सर्व एक व्हावे" अशी प्रार्थना केली, त्यात अर्धं एक असं नाहीये. जेवायला बसायचं आणि भाकर आली की उठायचं, हे मला आतून टोचतं.

वसईची_लेक

टोचायलाच पाहिजे भाऊ. मलाही टोचतं. ते वरच्यांच्या हातात आहे आणि ते पण बोलतायत. १९९९ ला कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी देव माणसाला नीतिमान कसा ठरवतो या शिकवणीवर संयुक्त घोषणा केली, जिच्यावरून चारशे-पाचशे वर्षांपूर्वी सगळं फाटलं होतं. २०१६ ला पोप फ्रान्सिस स्वीडनमध्ये लुंडला ल्यूथरनांबरोबर प्रार्थनेला उभे राहिले. तिथेही प्रभुभोजन एकत्र झालं नाही. पण आपण खालून जितकं जवळ येऊ तितकं वरच्यांना थांबून राहणं कठीण होईल.

नगरचा_पुण्यात

सगळ्यांचे आभार, अगदी मनापासून. काल रात्री ग्रुपवर पूर्ण धागा टाकला आणि दोन तास कॉल झाला.

ठरलंय ते असं. बुधवारी संध्याकाळी पाय धुणे आणि जेवण. चिठ्ठ्या टाकून जोड्या, म्हणजे आपल्याला सोयीचा माणूस निवडता येणार नाही. वचन मार्थोमावाला वाचणार, प्रार्थना मुक्तिफौजवाली चालवणार. गुरुवारी ज्याला जमेल त्याने वसईवाल्यांबरोबर त्यांच्या मिस्साला जायचं, ख्रिस्तप्रसादाच्या वेळी बसून राहायचं, आणि गुड फ्रायडेला ते आमच्या सात उद्गारांच्या (येशूच्या वधस्तंभावरच्या) उपासनेला येणार. ग्रुपच्या नावाने बँक खातं, क्यूआर कोड, लेटरहेड काही काढायचं नाही, काकांचं ऐकून. आणि प्रत्येकाने पुण्यात एका तरी चर्चच्या रजिस्टरवर नाव घालायचं, हे मेलबर्नच्या पोस्टवरून.

जातीवर बोलणं झालं. सोपं गेलं नाही, एक जण कॉल मध्येच सोडून गेला, नंतर परत आला. पुढच्या दोन शुक्रवारी तेच बोलणार आहोत. निब आणि शाई ताई, त्यातल्या एका शुक्रवारी तुम्ही ऑनलाइन याल का?

ज्याने "घेऊन टाकू" लिहिलं होतं तो बुधवारी येणार आहे पण त्याला भाकर न मोडणं अजून मान्य नाही. त्याच्या चर्चची घरगुती उपासना येत्या रविवारी संध्याकाळी आहे, आम्ही चौघं तिकडे जातोय, त्यांच्याकडे ते कसं घेतात ते बघायला.

निब_आणि_शाई

येते. वेळ कळवा.

महिला_मंडळ_सोलापूर

आणि मार्चचा पहिला शुक्रवार त्याआधीच येतोय. तुमची मिटिंग शुक्रवारीच असते ना, मग त्या दिवशी फ्लॅटवर न जमता पुण्यात प्रार्थना दिनाची उपासना ज्या चर्चमध्ये आहे तिथे जा. मुलगे पण चालतात. खुर्च्या लावायला माणसं कमीच असतात, अर्धा तास आधी पोचा.

नगरचा_पुण्यात

नक्की मावशी. पुण्यातल्या कोणाला यंदा कुठल्या चर्चमध्ये आहे ते माहीत असेल तर इथेच टाका, वेळेसकट.